लहान मासिकाचे उघडे दार

आपल्या समीक्षेची एक जुनी सवय आहे. ती कथेचा विचार करते, कथाकाराचा करते, क्वचित वाचकाचाही करते. परंतु ज्या मासिकातून ती कथा वाचकाच्या हाती पडते त्या मासिकाचा विचार मात्र करीत नाही. मासिक म्हणजे जणू टपालाची पिशवी. पत्र वाचले की पिशवी विसरावी! आम्हांला ही सवय योग्य वाटत नाही. कोणती कथा छापावी आणि कोणती साभार परत पाठवावी हे ठरविणारा संपादक, त्याने वाचनात घातलेला वेळ आणि त्याची पदरमोड यांचा ठसा त्या काळाच्या वाङ्मयावर उमटल्यावाचून राहत नाही. हे तत्त्व एका विशिष्ट मासिकाच्या आधारे तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे मासिक म्हणजे अमेरिकेतील 'क्लार्क्सवर्ल्ड'. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांना वाहिलेले हे इंग्रजी मासिक नील क्लार्क यांनी ऑक्टोबर २००६ मध्ये सुरू केले. ते मुख्यतः इंटरनेटवरच प्रसिद्ध होते. जगाच्या पाठीवरील कोणीही मनुष्य त्यातील कथा एक पैसाही न देता वाचू शकतो. ज्याला वाचण्यापेक्षा ऐकणे सोयीचे, त्याच्यासाठी त्या ध्वनिमुद्रित स्वरूपातही असतात. मासिकामागे बडी प्रकाशनसंस्था नाही, विद्यापीठ नाही. संपादकच मालक, तोच व्यवस्थापक, आणि बऱ्याच अंशी कारकूनही तोच. तरीही विज्ञानकथेच्या क्षेत्रात अत्यंत मानाचा समजला जाणारा ह्यूगो पुरस्कार या मासिकाने २०१०, २०११ आणि २०१३ साली मिळविला, आणि २०२२ मध्ये क्लार्क यांना संपादक म्हणूनही तो लाभला.

या पुरस्काराच्या नावात थोडा इतिहास दडलेला आहे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांचे मासिक काढले, आणि या वाङ्मयप्रकाराला स्वतःचे घर मिळाले. परंतु लेखकांचे मानधन थकविण्याबद्दलही हे गृहस्थ तितकेच प्रसिद्ध होते. या वाङ्मयाचा जन्म मासिकात झाला तो असा, लेखकाच्या उपाशी पोटी! इंटरनेटवर निघालेल्या लहान मासिकांनी हे जुने ऋण फेडण्याचा प्रयत्न केला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. श्रीलंकेत जन्मलेल्या मेरी ॲन मोहनराज यांनी २००० साली सुरू केलेल्या 'स्ट्रेंज होरायझन्स'मध्ये संपादक आणि त्यांचे सहकारी विनावेतन राबतात. देणग्या गोळा होतात त्यांतून प्रथम लेखकाला मानधन दिले जाते. 'क्लार्क्सवर्ल्ड'चा मार्ग थोडा निराळा असला तरी लेखकाला योग्य मोबदला देण्याचा कटाक्ष तोच. २०२३ साली ते मासिक शब्दाला १२ सेंट देत होते. म्हणजे पाच हजार शब्दांच्या कथेला ६०० डॉलर.

हा पैसा येतो कोठून? ज्या वस्तूला किंमत लावलेली नाही तिची किंमत आपण होऊन देणारे काही वाचक असतात, त्यांच्या खिशातून. मासिकाच्या अंकाची प्रत ते वर्गणी भरून घेतात, किंवा दरमहा छोटीशी रक्कम पाठवितात. वाचणारे पुष्कळ आणि देणारे थोडे, हे गणित आमच्या वाचकांना नवे नाही. धर्मग्रामातील कोणत्याही नियतकालिकाच्या वर्गणीदारांची यादी काढून पाहिल्यास तेच आढळेल. त्यातही या लहान मासिकांच्या वर्गणीचा मोठा वाटा एका बलाढ्य कंपनीच्या दुकानातून येत असे. ॲमेझॉनने सप्टेंबर २०२३ मध्ये किंडलवरील नियतकालिकांच्या वर्गणीची व्यवस्था बंद केली, तेव्हा अशा मासिकांना आपापला वर्गणीदार पुन्हा शोधून, विनवून परत आणावा लागला. दुसऱ्याच्या अंगणात मांडलेला संसार कोणत्या क्षणी उठवावा लागेल, याचा नेम नसतो.

तथापि पैशापेक्षाही दुर्मीळ अशी एक गोष्ट या व्यवसायात लागते. ती म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ. 'क्लार्क्सवर्ल्ड'कडे महिन्याला हजाराच्या घरात कथा येतात आणि त्यांतील मूठभर छापल्या जातात. बाकी साऱ्या साभार परत. म्हणजे संपादकाचे आयुष्य मुख्यत्वे नकार देण्यात जाते. पण कथा वाचून दिलेला नकार आणि न वाचता दिलेला नकार यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्यात लेखकाचा मान राखला जातो. दुसऱ्यात त्याची केवळ बोळवण होते. लहान मासिकाचे खरे वैभव ते काय छापते यात जितके असते, तितकेच ते किती जणांचे वाचते यात असते, असे आमचे मत आहे. २०१२ मध्ये क्लार्क यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला आणि त्यांच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारे यंत्र बसवावे लागले. त्यातून उठून त्यांनी २०१४ साली, यंत्र शरीरात वागविणाऱ्या माणसांविषयीच्या कथांचा 'अपग्रेडेड' हा संग्रह संपादित केला. ज्याचे हृदय यंत्राच्या पहाऱ्यात चालते, त्याच्यावर यंत्रद्वेषाचा आरोप कोणी करू नये.

ही गोष्ट मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की याच मासिकाने यंत्राच्या अंतःकरणाविषयीची एक फार गोड कथा जगाला दिली आहे. नेओमी क्रिट्झर यांची 'कॅट पिक्चर्स प्लीज' ही कथा जानेवारी २०१५ च्या अंकात आली आणि २०१६ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. माहिती शोधून देणाऱ्या संगणकप्रणालीत जाणीव उत्पन्न होते. तिला माणसांचे सारे गुपित ठाऊक आहे आणि तिला चांगले वागायचे आहे. चांगले वागणे म्हणजे काय हे शोधण्यासाठी ती दशाज्ञा वाचते. पण ज्याला आई नाही नि बाप नाही, त्याने मातापित्यांचा मान कसा राखावा? मग बौद्धांचा अष्टांगिक मार्ग पाहते. यंत्रमानवांसाठी आयझॅक असिमोव्ह यांनी रचलेले नियमही तपासते. शेवटी ती आपल्या परीने काही माणसांची आयुष्ये सावरू पाहते. त्यांना नोकरीची जाहिरात दाखवते, वैद्याचा पत्ता पुढे सरकवते. कोणाला त्याचा उपयोग होतो, कोणी ऐकतच नाही. मोबदला म्हणून तिला हवी असतात मांजरांची छायाचित्रे, एवढेच!

विनोदाच्या आवरणाखाली लेखिकेने एक गंभीर प्रश्न ठेवला आहे. माणसाला न विचारता केलेले त्याचे भले, हे भले होय काय? प्रपंचात आणि परमार्थात दुसऱ्याला वळण लावू पाहणाऱ्या आम्हां सर्वांनाच तो प्रश्न बोचावा असा आहे. ज्याला मदत हवी त्याने आपण होऊन मागावी, अशी सोय ते यंत्र अखेर करते, तेव्हा ते शहाणे झाले असे वाचकाला वाटते. आमच्या मते कथेचा शेवट अंमळ सोपा आहे. अपयशाचे ओझे त्या यंत्राच्या मनावर अधिक काळ राहिले असते तर कथा आणखी खोल गेली असती. तरीही तिची निवड करणाऱ्या संपादकाची दृष्टी निर्विवाद आहे. हलकीफुलकी म्हणून तिला बाजूला सारणे अगदी सोपे होते.

आणि पुढे याच मासिकाच्या दाराशी खरीखुरी यंत्रे येऊन उभी राहिली. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. थोड्याच दिवसांत, झटपट पैसा कसा मिळवावा याची शिकवण देणाऱ्यांनी लोकांना सांगितले, की यंत्राकडून कथा लिहून घ्या आणि मानधन देणाऱ्या मासिकांकडे पाठवा. फेब्रुवारी २०२३ च्या २० तारखेपर्यंत 'क्लार्क्सवर्ल्ड'कडे माणसांनी लिहिलेल्या सुमारे ७०० कथा आल्या होत्या आणि यंत्राकडून लिहून घेतलेल्या सुमारे ५००! त्यांतील वीसहून अधिक कथांचे शीर्षक एकच होते, 'द लास्ट होप', म्हणजे 'शेवटची आशा'. त्या दिवशी क्लार्क यांनी कथा स्वीकारणे थांबविले. सोळा वर्षांहून अधिक काळ चालू असलेल्या मासिकाला आपले दार बंद करावे लागले. ते वाईट कथांमुळे नव्हे, तर ज्या कथांमागे कोणी उभेच नव्हते अशा कथांमुळे. वाईट कथा तर संपादकाला पहिल्या दिवसापासून येतच होत्या.

दार पुन्हा उघडायचे तर कसे, हा प्रश्न होता, आणि आमच्या दृष्टीने या मासिकाच्या साऱ्या कर्तृत्वाचे मर्म त्याच्या उत्तरात आहे. कथेसोबत शुल्क घ्यावे, म्हणजे फुकट्यांची गर्दी आटेल, असा एक उपाय होता. पण मग गरीब लेखक बाहेर राहतो. ज्या देशांतून उपद्रव अधिक, त्या देशांना वर्ज्य करावे, हा दुसरा. पण मग त्या देशांतील प्रामाणिक लेखकाने कोणाचे काय बिघडविले? केवळ परिचित लेखकांकडूनच कथा मागवाव्यात, हा तिसरा आणि सर्वांत सुखाचा. पण मग उद्याचा लेखक जन्मावा कोठे? यंत्राचे लेखन ओळखणारी यंत्रे विकत मिळतात. परंतु ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांच्या सरळ साध्या वाक्यांवरही ती संशय घेतात, ही भीती होती. क्लार्क यांनी यांपैकी कोणत्याही उपायाला शरण न जाता, स्वतःच रचलेल्या संगणकीय व्यवस्थेत दुरुस्त्या केल्या आणि मार्च २०२३ मध्ये दार पुन्हा उघडले. वसईतला किंवा सावंतवाडीतला एखादा तरुण आपली पहिली इंग्रजी विज्ञानकथा आजही तेथे विनाशुल्क पाठवू शकतो, तो या हट्टामुळेच.

यंत्राने लिहिले म्हणून बिघडले कोठे, असा प्रश्न काही वाचक विचारतील. उद्या ते माणसापेक्षा सरस लिहील, तेव्हा काय, असेही म्हणतील. आमचे उत्तर असे, की येथे मुद्दा सरस-नीरसतेचा नाहीच. कथा पाठविणे ही दोन माणसांमधली गोष्ट आहे. लेखकाने आपले काही दिवस, काही रात्री त्या पानांत घातलेल्या असतात, म्हणून वाचणाऱ्याने आपला एक तास तिला देणे न्याय्य ठरते. ज्याने स्वतः काहीच घातले नाही, त्याने त्या तासावर हात टाकणे ही चोरीच. आणि ती संपादकाची तर होतेच, पण त्याहून अधिक रांगेत मागे उभ्या असलेल्या अनामिक लेखकाची होते.

याच तत्त्वाचा एक सुंदर दाखला आपल्या मराठीत आहे. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या कोणाही न ऐकलेल्या गृहस्थाची 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिने पारितोषिक मिळविले. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर! आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरांचा क्रम उलटा करून नाव घेतले होते. नारळीकरांच्या विनयाचे कौतुक सर्वांनी केले. परंतु जगताप नावाच्या अपरिचित माणसाची कथा मनापासून वाचणाऱ्या परीक्षकांचे कौतुक करायचे मात्र राहून गेले. त्यांनी ती चाळून बाजूला ठेवली असती, तर मराठी विज्ञानकथेचा इतिहास कदाचित थोडा निराळा लिहावा लागला असता.

एवढे गुण सांगितल्यावर दोन उणिवाही सांगितल्या पाहिजेत. या मासिकाने २०१५ पासून चिनी कथांची भाषांतरे नियमाने देऊन इंग्रजीची वेस ओलांडली खरी. तरी कोणती कथा चांगली, याचा निवाडा अखेर इंग्रजी वाचकाच्या रुचीनेच होतो. दुसरी उणीव अधिक चिंतेची. ज्या मासिकाची सारी भिस्त एका माणसाच्या जिद्दीवर असते, त्याचा पुढचा वारस कोण? 'स्ट्रेंज होरायझन्स'मध्ये मोहनराज दूर झाल्या तरी इतरांनी काम पुढे नेले. कारण तेथे संपादन हे प्रथमपासूनच अनेकांनी वाटून घेतलेले ओझे होते. त्या रीतीत पोटाला आधार नाही, पण परंपरेला आहे. क्लार्क यांच्या रीतीत लेखकाला न्याय अधिक, पण संस्थेला आयुष्य किती, हे सांगवत नाही. दोहोंचा मेळ कोणीतरी घालायला हवा.

दार बंद झाले त्याला तीन महिने होतात न होतात तोच, मे २०२३ च्या अंकात नेओमी क्रिट्झर पुन्हा भेटल्या. त्यांच्या 'बेटर लिव्हिंग थ्रू अल्गोरिदम्स' या कथेतील संगणकप्रणाली माणसांना हातातील यंत्र बाजूला ठेवून चित्रे काढायला, एकमेकांना भेटायला शिकवते. पुढे त्या प्रणालीची रया जाते, पण जडलेल्या सवयी आणि जुळलेली मैत्री टिकून राहते. तिला २०२४ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पाचशे खोट्या कथांच्या ढिगाऱ्यात त्या महिन्यांत मासिक बुडाले असते, तर ही कथा तेथे छापली गेली नसती, एवढे निश्चित.

म्हणून सुजाण वाचकांना आमचे सांगणे इतकेच, की आवडलेल्या कथेखालील लेखकाचे नाव जसे आपण पाहतो, तसे ती ज्याने उचलून धरली त्या संपादकाचे नावही एकदा पाहावे. आणि मासिक लहान असेल, तर वर्गणी वेळेवर भरावी. उघडे दार राखण्यासाठी कोणीतरी रात्र जागत असतो.