गाणं लावणं आणि गाणं लागणं

रात्री पावणेदोनला तेच भावगीत तिसऱ्यांदा लागलं आणि चॅटवर एकाने लिहिलं, 'तुमच्याकडे एवढीच गाणी आहेत का?'

'तुमच्याकडे' म्हणजे आमच्याकडे. आम्ही तीन-चार मित्रमैत्रिणी मिळून मराठी गाण्यांचं एक छोटंसं इंटरनेट रेडिओ स्टेशन चालवत होतो. भाड्याचा सर्व्हर, 'आझुराकास्ट' नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि पगारातून बाजूला काढलेले थोडे पैसे, एवढाच पसारा. रात्रीची यादी जवळपास वर्षभर माझ्याकडे होती. त्या वर्षात सगळ्यात जास्त आलेली तक्रार हीच: तेच तेच वाजवता. आणि सगळ्यात जास्त आलेली मागणी? तीच तीच गाणी.

या दोन वाक्यांमधला झगडा मला वर्षभर सुटला नाही. अजूनही पूर्ण सुटलाय असं नाही. पण तो समजून घेताना गाणी ऐकण्याबद्दलचे माझे बरेच समज मोडले, म्हणून हे लिहितेय.

आधी तक्रारीबद्दल. पहिल्यांदा मी वैतागून उत्तर दिलं होतं, 'अहो, शफल आहे, आम्ही मुद्दाम लावत नाही.' ते खरंच होतं. पण नंतर वही-पेन घेऊन बसले. समजा यादीत 500 गाणी आहेत. एक गाणं चार मिनिटांचं धरलं तर तासाला 15 होतात. दर वेळी संगणकाने डोळे मिटून 500 मधून एक चिठ्ठी उचलायची आणि वाजवून झाल्यावर ती परत डब्यात टाकायची. अशा वेळी पहिल्या 27 गाण्यांतच एखादं परत येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. 27 गाणी म्हणजे दोन तासही नाहीत! वर्गात 23 मुलं असली की कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते, तेच हे गणित. आणि दुसऱ्या टोकाला काय? त्याच पद्धतीने दिवसभरात 360 गाणी वाजली, तरी 500 पैकी साधारण निम्मी एकदाही लागत नाहीत. सगळीच्या सगळी एकदा तरी ऐकायची, तर सरासरी नऊ दिवसांहून जास्त काळ रेडिओ अखंड चालू ठेवावा लागेल.

म्हणजे तक्रार करणारा माणूस बरोबर होता. आमच्याकडे गाणी भरपूर होती, तरी त्याला ती मोजकीच ऐकू येत होती. खऱ्या यदृच्छेला न्यायबुद्धी नसते. लाडक्या पोराला चार लाडू, बाकीचे उपाशी. म्हणूनच स्पॉटिफायनेही 2014 मध्ये आपलं शफल बदललं आणि एकाच गायकाची गाणी लांब लांब पसरवायला सुरुवात केली. आपल्याला 'रँडम' वाटावं म्हणून रँडमपणा कमी करावा लागतो.

आम्हीही नियम घातला: एकदा लागलेलं गाणं इतक्या तासांत परत नाही. तक्रारी कमी झाल्या. आता प्रश्न सुटला, असं मला वाटलं.

पण पुनरावृत्ती हा खरंच दोष आहे का? जर्मन विचारवंत थिओडोर अडोर्नो याने 1941 मध्ये लोकप्रिय संगीतावर एक कडवट निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की एखादं गाणं वाजवून वाजवून श्रोत्याच्या गळी उतरवतात आणि ओळख पटली यालाच श्रोता आवड समजू लागतो. व्यापारी रेडिओकडे पाहिलं तर हे नाकारणं अवघड आहे. अमेरिकेत 1950 च्या दशकात टॉड स्टॉर्झ या स्टेशनमालकाने मोजकीच लोकप्रिय गाणी दिवसभर फिरवायची पद्धत रुजवली. त्याची एक गोष्ट नेहमी सांगतात. दिवसभर ज्यूकबॉक्सवर तीच ती गाणी ऐकूनही बारमधल्या वेट्रेसने गर्दी ओसरल्यावर स्वतःचे पैसे टाकले आणि पुन्हा तेच गाणं लावलं. गोष्ट खरी की रचलेली, कोण जाणे. पण टॉप फॉर्टीचा सगळा धंदा त्या वेट्रेसवर उभा आहे.

मात्र त्या वेट्रेसला मूर्ख ठरवून अडोर्नो मोकळा होतो, तिथे माझं त्याच्याशी जमत नाही. एलिझाबेथ मार्गुलिस या संगीत-मानसशास्त्राच्या अभ्यासक बाईंचं 2014 चं 'ऑन रिपीट' हे पुस्तक नेमकी उलटी बाजू दाखवतं. पुनरावृत्ती ही संगीताला चिकटलेली खोड नाही, ती संगीताचा गाभाच आहे. डायना डॉइच यांचा एक प्रयोग यूट्यूबवरही सापडेल. साधं बोललेलं वाक्य, त्यातला एक तुकडा पुन्हापुन्हा ऐकवला की काही वेळाने तो चक्क गायल्यासारखा ऐकू येऊ लागतो. बोलण्याचं गाणं होतं ते नुसतं परत परत ऐकून.

आपल्याला हे सांगायला पुस्तक तरी कशाला हवं? पालुपद आपलंच. लहानपणापासून गणपतीत त्याच आरत्या त्याच क्रमाने म्हणतोय, आणि 'या वर्षी नवीन काहीतरी ठेवा' असं कुणी म्हणत नाही. संगीत नाटकात तर प्रेक्षक उघड उघड मागायचे: वन्स मोअर! बालगंधर्वांच्या पदांना एवढे वन्स मोअर पडायचे की नाटक पहाटेपर्यंत लांबायचं. फर्माईश आणि पुनरावृत्ती दोन्ही त्या दोन इंग्रजी शब्दांत मावल्या होत्या. फरक एवढाच, की पद दुसऱ्यांदा यायचं तेव्हा ते तेच नसायचं. समोर बसलेल्या माणसांनी मागितलंय हे गाणाऱ्याला माहीत असायचं आणि ते त्या गाण्यात उतरायचं.

रेडिओवर ध्वनिमुद्रण बदलत नाही. तरी तिथेही पुनरावृत्तीला रीत होती. गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. वर्षभरात 56 गाणी झाली. आठवड्याचं नवं गाणं शुक्रवारी सकाळी लागायचं आणि तेच शनिवारी, रविवारी पुन्हा. तीन वेळा ऐकायचं, चौथ्यांदा ऐकायचं तर वाट बघायची. लोक गाण्याचे शब्द उतरवून घ्यायचे. तीनदा ऐकवून ते गाणं गळी उतरवलं, असं कुणी म्हणेल का?

आता फर्माईश. 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. श्रोते काय करणार? त्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्यांची आवड दाबली की ती दुसऱ्या देशातून ऐकू येते, हा त्यातला धडा.

पुढे विविध भारतीवर 'मनचाहे गीत', फौजी भावांसाठी 'जयमाला', आणि मराठीत 'आपली आवड'. पोस्टकार्ड पाठवायचं, गाण्याचं नाव, खाली घरातल्यांची नावं आणि गाव. हिंदी फर्माईशींच्या जगात झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव एवढं गाजलं की असं गाव खरोखर आहे का, याची लोकांना शंका यायची. तिथले लोक ढिगाने पत्रं पाठवायचे. कशासाठी? गाणं तर तसंही लागलंच असतं. त्यांना नाव ऐकायचं होतं. फर्माईश म्हणजे श्रोत्याला मिळालेलं दोन सेकंदांचं प्रक्षेपण.

त्यामुळे जुन्या फर्माईशींचा फार गहिवर नको. ती लोकशाही नव्हती. ज्यांच्याकडे वेळ, हौस आणि पोस्टकार्डं होती, त्यांचं ते राज्य होतं. आमच्या स्टेशनवरही तेच झालं. फर्माईशीचं बटण टाकलं तेव्हा वाटलं, आता यादी लोकांची होईल. झाली ती हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या लोकांची. बाकीचे नुसते ऐकत होते, मागत नव्हते. आणि त्या थोड्यांच्या आवडीची दहा-पंधरा गाणी फिरफिरून सगळ्यांना ऐकावी लागत होती. शफलने केलेली चूक आम्ही दुरुस्त केली होती. तीच आता माणसं करत होती.

यावर तांत्रिक उपाय आहेत. सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येतं, की फर्माईश किती मिनिटांनी वाजावी आणि नुकतंच वाजलेलं गाणं किती वेळ मागताच येऊ नये. अमेरिकेत तर हे कायद्यातच आलंय. तिथल्या 1998 च्या कायद्याप्रमाणे साध्या परवान्यावर चालणाऱ्या इंटरनेट रेडिओला तीन तासांत एका अल्बममधली तीन आणि एका कलाकाराची चारच गाणी लावता येतात. आणि मागितलेली गाणी तासाभरात वाजवणं हाच मुख्य कार्यक्रम झाला, तर तो रेडिओ उरत नाही, वेगळा आणि महाग परवाना लागतो. तिथे मराठी गाण्यांचं स्टेशन काढलं तर तीन तासांत आशाबाईंची चारच! आपली भावगीतं मोजक्याच आवाजांवर उभी असताना हा नियम किती जाचेल, बघा. कायदा अर्थातच कंपन्यांच्या कमाईसाठी केलेला. पण त्याने नकळत एक खरी गोष्ट ओळखली आहे: मागितलं की लगेच मिळालं, तर तो रेडिओ नव्हे.

हे मला कायदा वाचून नाही, आईमुळे कळलं.

आईचं एक आवडतं गाणं आहे. कुठलं ते सांगत नाही, ते तिचं आहे. लहानपणी मी बघितलंय, ते रेडिओवर लागलं की ती गॅस बारीक करायची, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून. स्टेशन हातात आल्यावर मला वाटलं, चला, आईसाठी काहीतरी करू. तिच्या फोनवर आमचं स्टेशन लावून दिलं आणि रोज संध्याकाळी सातला ते गाणं लागेल अशी सोय केली. पहिल्या दिवशी ती चकित झाली. दुसऱ्या दिवशी हसली. आठवडाभराने सात वाजता ती फोनवर मावशीशी बोलत होती आणि गाणं मागे वाजत होतं. महिन्याने म्हणाली, "अगं, ते आता नको लावूस. रोज काय तेच."

मी तिचं गाणं बिघडवलं होतं. चाळीस वर्षं ते टिकलं, आणि मी ते तीस दिवसांत संपवलं.

मराठीत आपण दोन क्रियापदं वापरतो. मी गाणं लावलं. आणि, गाणं लागलं. दिवा लावतो आणि लागतो तसं. पण ठेच लागते, डुलकी लागते, ओढ लागते, ती कुणी लावत नाही. रेडिओवरचं गाणं आईला 'लागायचं'. मी ते 'लावायला' लागले. ध्वनिमुद्रण तेच, आवाज उलट जास्त स्वच्छ, पण क्रियापद बदललं आणि सगळं गेलं.

फर्माईशीची खरी गंमत या दोघांच्या मधे आहे. तुम्ही मागता, पण लावत नाही. पत्र टाकून विसरता. मग एका दुपारी ते लागतं. आणि नाव वाचलं जातं तेव्हा इतरांनाही कळतं, की हे गाणं कुठल्याशा गावातल्या कुणाचं तरी आहे. कंटाळा येतो तो गाणं परत आल्याचा नव्हे, ते विनाकारण परत आल्याचा. तेच गाणं एखाद्याने आजीसाठी मागितलंय असं कळलं की तिसऱ्यांदाही माणूस ऐकून घेतो. इंटरनेट रेडिओने बटण ठेवलं, पण वाट पाहणं आणि नाव घेणं काढून टाकलं. माझी टीका एवढीच आहे, आणि ती आमच्या स्टेशनवरही आहे.

शेवटी आम्ही तीन गोष्टी केल्या. फर्माईश लगेच वाजवणं बंद केलं. ती दोन दिवसांत कधीही लागेल असं सांगितलं. मागणाऱ्याने दोन ओळी लिहायच्या आणि आमच्यापैकी कुणीतरी त्या आवाजात रेकॉर्ड करून गाण्याआधी टाकायच्या. आणि गीतमालेतून एक युक्ती उचलली: तिथे खूप आठवडे गाजलेलं गाणं 'सरताज गीत' म्हणून मानाने निवृत्त व्हायचं. आम्हीही फार मागितलेल्या गाण्यांना महिनाभर सुट्टी देऊ लागलो. यामुळे काही श्रोते गेले. 'यूट्यूबवर लगेच मिळतं, तुमची वाट कोण बघणार?' असं एकाने लिहिलं. त्याचं चूक नव्हतं. पण जे राहिले, त्यांच्या दोन ओळी हळूहळू चार-चार ओळींच्या होऊ लागल्या.

आईचं गाणं मी यादीतून काढलं नाही, फक्त सातची सोय काढली. आता ते शफलच्या डब्यात पडलंय, बाकीच्या गाण्यांसारखंच. परवा रात्री साडेअकराला ते लागलं. आई झोपली होती. मी उठवलं नाही.