‘९एच’ नक्की कशाचं? टफन ग्लासच्या पाकिटाचं परीक्षण

मागच्या आठवड्यात नवीन फोन घेतला आणि त्याच संध्याकाळी पुण्यातल्या तपकीर गल्लीत एका छोट्या काउंटरवर टफन ग्लास टाकायला गेले. दुकानातल्या दादांनी तीन पाकिटं समोर ठेवली. शंभरचं, अडीचशेचं आणि पाचशेचं. तिन्हींवर ठळक अक्षरांत ‘९एच’. पाचशेवाल्यावर त्याशिवाय ‘११डी’.

“ताई, हीच घ्या. नाइन एच आहे. चावी घासा, पाना मारा, काय होत नाही,” असं म्हणत त्यांनी एका जुन्या फोनवर बसवलेल्या काचेवर किल्ली खरखरून ओढली. मग छोट्या पान्याने दोन ठोके मारले. काच तशीच. “आणि फोन पडला तर ग्लास फुटते, स्क्रीन वाचते. रोज येतात अशी गिऱ्हाइकं.”

दोन मिनिटांत एक दावा, एक प्रयोग आणि एक निरीक्षण! पेपरमध्ये याहून वेगळं काय असतं? तुमच्यापैकी बरेच जण पेटची किंवा नेटची तयारी करताय, काहींचा सिनॉप्सिस अर्धा झालाय. ‘पेपर चिकित्सकपणे वाचायचा म्हणजे काय करायचं?’ हा प्रश्न मला सतत येतो. एखादा अवघड पेपर घेऊन ते समजावण्यापेक्षा ही शंभर रुपयांची काच बरी. हिच्यातलं बरंचसं तुम्ही घरी स्वतः तपासू शकता.

आधीच सांगते, दादा खोटं बोलत नव्हते. त्यांनी दाखवलं ते सगळं खरंच घडलं. गडबड आहे ती घडलेल्या गोष्टीवरून काढलेल्या अर्थात.

दावा : ९एच

‘९एच’ ऐकलं की विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा मोहस आठवतो. फ्रीडरिख मोहसने १८१२ मध्ये मांडलेली खनिजांच्या कठीणपणाची श्रेणी. शंखजिरं १, क्वार्ट्झ ७, कुरुविंद ९, हिरा १०. म्हणजे ही काच हिऱ्याच्या खालोखाल, असा आपला समज होतो. मीही बीएस्सीला असताना हेच समजत होते.

पण या ९ चा मोहसशी काही संबंध नाही. हा आहे पेन्सिलीचा ९. एचबी, २बी, ४एच अशा ज्या पेन्सिली आपण चित्रकलेच्या तासाला वापरल्या, त्याच. रंग आणि वॉर्निशच्या थरांचा कडकपणा मोजायला पेन्सिलीची एक साधी चाचणी आहे. आयएसओ १५१८४ हे तिचं एक प्रमाणित रूप. पेन्सिलीचं शिसं टोक सपाट करून घ्यायचं, ४५ अंशाच्या कोनात धरायचं, साधारण ७५० ग्रॅमचा भार द्यायचा आणि थरावरून पुढे ढकलायचं. ९बीपासून ९एचपर्यंत पेन्सिली असतात. ज्या सर्वांत कडक पेन्सिलीनेही थरावर खूण उमटत नाही, तो त्या थराचा आकडा.

आता पेन्सिलीत असतं काय? ग्राफाइट आणि माती. माती जास्त तेवढी पेन्सिल कडक. ग्राफाइट मोहसच्या श्रेणीत १ ते २ च्या दरम्यान, आणि साधी काच साडेपाचच्या आसपास. मग कुठल्याही पेन्सिलीने काचेवर ओरखडा उमटेल कसा? तुमच्या खिडकीची काचसुद्धा ९एच आहे. आरसाही ९एच.

इथे एक सेकंद थांबा, कारण ही चूक पेपरमध्येही वारंवार दिसते. चाचणी चुकीची नाही. रंगाच्या थरांसाठी ती उपयोगाची आहे, कारण तिथे काही थर एचबीला हरतात, काही ३एचला. पण काचेला लावली की सगळ्यांनाच पैकीच्या पैकी मार्क. शंभरची आणि पाचशेची काच जिला वेगळी करता येत नाही, ती चाचणी त्या दोघींमधली निवड करायला निरुपयोगी आहे. पेपर वाचताना आकडा किती मोठा आहे हे नंतर बघा. आधी बघा की या चाचणीत नापास होणारं कुणी होतं का.

‘११डी’बद्दल फार लिहीत नाही. २.५डी म्हणजे कडा गोलसर घासलेली काच, ३डी म्हणजे वळलेली काच, इथपर्यंत त्या शब्दांना काहीतरी आकार आहे. त्यापुढचे डी फक्त पाकिटाच्या छपाईत वाढत जातात.

प्रयोग : किल्ली आणि पाना

किल्ली सहसा पितळेची किंवा लोखंडी असते. पितळ काचेपेक्षा बरंच मऊ. किल्लीचं लोखंडही बहुतेक वेळा काचेपेक्षा मऊच. म्हणजे किल्ली ओढल्यावर काचेवर उठलेली चंदेरी किंवा पिवळसर रेघ हा ओरखडा नाहीच. ती झिजलेली किल्ली आहे, आणि फडक्याने पुसली जाते. दादांनी पुसून दाखवली तेव्हा सगळे खूश झाले. मीसुद्धा क्षणभर.

फोनला खरा धोका किल्लीचा नसून तिच्याबरोबर खिशात आलेल्या कणांचा आहे. वाळू आणि धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. क्वार्ट्झ ७, काच साडेपाच-सहा. लहानपणी आपण गारगोट्या जमवायचो, ती गारगोटी म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झच. एखादी जुनी, काढून टाकलेली ग्लास घ्या आणि गारगोटीच्या धारदार कडेने एक रेघ ओढा. ही रेघ फडक्याने जाणार नाही. पाच मिनिटांचा प्रयोग आहे, पण दुकानातल्या प्रयोगात काय गाळलं होतं ते लगेच कळतं. डोळ्यांना जपा, काचेचे कण उडतात.

आता पाना. फोन काउंटरवर सपाट ठेवलेला, खालून पूर्ण आधार. अशा वेळी काचेला वाकायला वाव जवळजवळ नसतो. काच दाब भरपूर सोसते, ताण मात्र सोसत नाही. वाकली की तिच्या एका बाजूवर ताण येतो आणि तिथूनच ती जाते. फोन हातातून निसटतो तेव्हा तो बहुधा कोपऱ्यावर किंवा कडेवर आपटतो. खाली फरशी असते किंवा खडी. खडीचं टोक काचेत घुसतं तेव्हा एक बारीक चीर तयार होते. काच तुटते ती अशा चिरांमुळे, हे ए. ए. ग्रिफिथने १९२१ च्या पेपरमध्ये मांडलं. काचेची ताकद तिच्या रासायनिक बंधांवरून हिशेब केला तर जेवढी निघते, त्याच्या कितीतरी कमी प्रत्यक्षात मिळते, कारण पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात आणि ताण त्यांच्या टोकाशी एकवटतो.

फोनची मूळ काच याच कारणासाठी पोटॅशियम नायट्रेटच्या वितळलेल्या क्षारात, साधारण ४०० अंश सेल्सियसला बुडवतात. काचेतले सोडियमचे आयन बाहेर येतात, त्यांच्या जागी आकाराने मोठे पोटॅशियमचे आयन दाटीवाटीने बसतात. त्यामुळे वरच्या पातळ थरात कायमचा दाब तयार होतो. चीर उघडायला आधी हा दाब मोडावा लागतो. पान्याच्या ठोक्याने यातलं काहीच तपासलं गेलं नाही. तो प्रयोग ‘सपाट ठेवलेला फोन कुणी हलक्या हाताने ठोकला तर?’ या प्रश्नाचं उत्तर देतो. तुमचा फोन असा किती वेळा मार खातो?

निरीक्षण : “ग्लास फुटली, स्क्रीन वाचली”

तिघांपैकी हे वाक्य सर्वांत जास्त पटतं, म्हणून सर्वांत जास्त सावधपणे वाचायला हवं.

कागदावर चार चौकोन काढा. वर ‘ग्लास होती’ आणि ‘ग्लास नव्हती’. बाजूला ‘स्क्रीन फुटली’ आणि ‘स्क्रीन वाचली’. फोन पडल्याची प्रत्येक घटना यातल्या एका चौकोनात जाते. आता दादांच्या काउंटरवर उभे राहून बघा, त्यांना कोणते चौकोन दिसतात. ग्लास फुटली आणि स्क्रीन वाचली, ती माणसं नवी ग्लास टाकायला त्यांच्याकडेच येतात. ग्लास असूनही स्क्रीन फुटली, ते डिस्प्ले बदलणाऱ्याकडे जातात. ग्लास नव्हती, फोन पडला आणि काहीच झालं नाही, ती माणसं फोन उचलतात, फुंकर मारतात आणि घरी जातात. ती कुणाच्याच काउंटरवर येत नाहीत.

दादा त्यांच्या अनुभवाशी प्रामाणिक आहेत. पण त्यांचा अनुभव एका चौकोनातून गाळून आलेला आहे.

दुसरी गोष्ट. वरची ग्लास बहुधा ०.३ मिलिमीटरच्या आसपास जाडीची, आणि स्वस्त असेल तर मूळ काचेपेक्षा कमजोर. म्हणजे मूळ काचेला काहीच झालं नसतं अशा पडण्यातही ती फुटू शकते. ग्लास फुटली यावरून एवढंच सिद्ध होतं की ग्लास फुटली. तिने मार स्वतःवर घेतला, की ती मुळातच नाजूक होती, हे त्या एका तड्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी सारखेच फोन, सारखीच उंची, सारखाच कोन, अर्ध्यांवर ग्लास आणि अर्ध्यांवर नाही, आणि असं पुष्कळ वेळा पाडून बघणं लागेल. दुकानात हे कुणी करणार नाही आणि त्यांनी करावं अशी अपेक्षाही नाही. पण संशोधनात आपल्याकडून ती असते.

माझ्या स्लाइडवरचा ९एच

एवढं सगळं मला दुकानात सुचलं नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या प्रोग्रेस सेमिनारमध्ये ते मला शिकवलं गेलं होतं.

मी काचेवर पातळ पारदर्शक थर चढवण्याचं काम करते. त्या सेमिनारला माझ्या तक्त्यात एक रकाना होता, पेन्सिल कडकपणा. सगळ्या नमुन्यांपुढे ९एच. मी निष्कर्षात ‘उत्कृष्ट ओरखडा-रोधक’ असं लिहून टाकलं होतं. समितीतल्या एका मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, “थर न चढवलेल्या काचेचं किती आलं?”

मी ते मोजलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन कोरी काचपट्टी घेतली. ९एच. म्हणजे चार-पाच महिने मी माझ्या थराचा म्हणून जो गुण मिरवत होते, तो खालच्या काचेचा होता. वाईट याचं वाटलं की मी काहीच खोटं केलं नव्हतं. चाचणी नियमाप्रमाणे, आकडे खरे, नोंदवही व्यवस्थित. तरीही वाक्य चुकीचं. तो रकाना काढून टाकला. नंतर कोरी आणि थर चढवलेली अशा दोन्ही काचा वाळूने सारख्याच घासून, आधी आणि नंतर किती प्रकाश आरपार जातो ते मोजलं. फरक आला, पण थोडा. तक्त्यात आता तो थोडाच फरक आहे, आणि त्याबद्दल कुणी प्रश्न विचारला तर मला उत्तर देता येतं.

मग ग्लास टाकली की नाही?

टाकली. शंभरचीच.

कारण ओरखड्यांचा मुद्दा खरा आहे. गारगोटीच्या जातीचा कण वरच्या ग्लासवर रेघ ओढेल, खालच्या काचेवर नाही. आणि ग्रिफिथचं म्हणणं धरून चाललं तर आजचा ओरखडा म्हणजे उद्याच्या तड्याची सुरुवात. शंभर रुपयांत एवढं मिळत असेल तर मला चालतं. फोन पडल्यावर ती वाचवेलच, असं मात्र मी कुणाला सांगणार नाही.

आणि एक गोष्ट पाकिटावर कुठेच छापलेली नव्हती, ती म्हणजे दादांचं काम. त्यांनी आधी पंखा बंद केला. ओल्या वाइपने पुसलं, मग कोरड्या फडक्याने. फोन ट्यूबलाइटखाली तिरका धरून एकेक कण शोधला आणि चिकटपट्टीने उचलला. ग्लास कडेकडेने जुळवून सोडून दिली आणि मधोमध बोट टेकवलं, चिकट थर आपोआप कडांकडे पसरत गेला. एका कोपऱ्यात बुडबुडा राहिला. त्यांनी तो दाबत बसायच्या ऐवजी काच पुन्हा उचलली आणि कण काढला. हवेचा बुडबुडा दाबून जातो, धुळीचा जात नाही. काच ताठ असते, त्यामुळे एका सूक्ष्म कणाभोवती त्याच्या कितीतरी पट रुंद जागा चिकटायची राहून जाते. बुडबुडा दिसला तर आधी तो कशाचा आहे ते ठरवायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नसेल. हजार फोन करून आलेलं आहे. नमुना स्वच्छ करताना मी इतकी चिकाटी दर वेळी दाखवत नाही, हे कबूल करते.

तुमच्यासाठी काम एवढंच. सिनॉप्सिस उघडा आणि ‘मोजणार आहे’ असं जिथे जिथे लिहिलंय, त्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने लिहा : काहीच न केलेल्या नमुन्याचं उत्तर काय येईल? जिथे दोन्ही उत्तरं सारखीच येतील असं वाटतं, ती ओळ गाइडकडे जाण्याआधी बदला. पेन्सिल कुठलीही चालेल, एचबी असली तरी.