‘एकच प्याला’ आणि दुसरी संधी

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे एका अर्थी परमुलखात वाढलेले नाटक आहे. नाटककाराचा जन्म नवसारीचा, १८८५ चा. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी सावनेर येथे निवर्तले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्यास केला. तेव्हापासून मराठी मंडळी जेथे जेथे नोकरीनिमित्त गेली तेथे तेथे हे नाटकही गेले. सिंधूच्या दुःखाने आजवर असंख्य प्रेक्षक रडले. परंतु मद्यपानाविषयी हे नाटक जे सांगते ते कितपत खरे, याचा विचार अश्रू पुसल्यावरच करता येतो. तो येथे करावा असे आम्हांस वाटते.

प्रथम त्याचे मोठेपण. गडकऱ्यांनी दारूच्या वाटेवर कोणी छचोर मनुष्य पाठविला नाही. सुधाकर बुद्धिमान आहे, मानी आहे, वकील आहे. न्यायालयातील अपमान आणि सहा महिन्यांकरिता गेलेली सनद, एवढ्यावर तो ढासळतो. आणि दुःख विसरण्याचा उपाय म्हणून तळीराम त्याच्यापुढे पेला धरतो. ज्यांचे सुखदुःख वरिष्ठांच्या एका शेऱ्यावर अवलंबून असते, ज्यांच्या बदल्या ऐन शाळेच्या दिवसांत होतात आणि ज्यांची संध्याकाळ परक्या गावातील रिकाम्या खोलीत जाते, त्या आपणां चाकरमान्यांना ही कारणमीमांसा वेगळी समजावून द्यावयास नको. चैनीपेक्षा दुखावलेला अभिमान आणि एकटेपणा हेच पेल्याचे अधिक जुने सोबती आहेत.

मात्र या शोकांतिकेत एक गोष्ट जवळजवळ नाही. ती म्हणजे पिणाऱ्याचे शरीर. झिजते ती सिंधू, बळी जाते ते तान्हे मूल. तळीरामाच्या आजारपणाचा प्रवेश आहे. पण तेथे नाटककाराचे लक्ष रोगापेक्षा वैद्य आणि डॉक्टर यांची टर उडविण्याकडे अधिक आहे. प्रेक्षक हसतो आणि रोग तसाच राहून जातो. वस्तुतः यकृताची कहाणी सुधाकराच्या कहाणीहून कमी भयंकर नाही. आधी त्यात चरबी साठते, मग दाह होतो, शेवटी ते आकसून निबर होते. आणि यातील बराच काळ मनुष्य कचेरीत वेळेवर जात असतो. रक्तदाब वाढतो. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांच्या बाबतीत स्तन, यांच्या कर्करोगाशी मद्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगजनक पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असे त्या संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले. ‘आम्ही बेताने घेतो’ हे आर्य मदिरा मंडळाबाहेरील सभ्य उत्तरही त्यामुळे लंगडे पडते.

नाटकातील खरा वादाचा मुद्दा सुधाकराच्या त्या प्रसिद्ध भाषणात आहे. दारू सुटण्याचा संभव एकाच वेळी असतो, पहिला पेला घेण्यापूर्वी, असे तो रामलालला बजावतो. न पिणाऱ्याला याहून चांगला इशारा मिळणार नाही. परंतु जो पीत आहे त्याच्या कानी हा इशारा फाशीच्या निकालासारखा पडतो. आमचा आक्षेप येथे आहे. नाटकाचा पुढचा भाग या निकालाला पुरावा पुरवितो. सुधाकर निश्चयाने दारू सोडतो, कामासाठी जुन्या ओळखीच्यांची दारे ठोठावतो, अपमानित होतो आणि पुन्हा पेल्याकडे वळतो. नाट्य म्हणून हा भाग अप्रतिम आहे. पण त्यातून सिद्ध काय होते? दारू सुटत नाही, हे नव्हे. नुसत्या शपथेवर आणि एकट्याने ती सुटणे फार कठीण, एवढेच. किंबहुना ज्याचे शरीर मद्याला पुरते सरावले आहे त्याने ती एकाएकी टाकली तर हातांना कंप सुटतो, झटके येतात, दोन-तीन दिवसांत भ्रमही होतो. प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून ती सोडण्याचे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे. सुधाकरापाशी शपथ होती, पतिव्रता होती, उपदेशक मित्र होता. उपचार मात्र नव्हता. त्या काळात तो असणारही कोठून? मद्यपींनी मद्यपींना आधार देणारी ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत उभी राहिली. पुण्यास ‘मुक्तांगण’ १९८६ मध्ये निघाले.

विशेष असे की, या मार्गाने मुक्त झालेले लोकही पहिला पेलाच टाळावा असे म्हणतात. मात्र ‘पहिल्या पेल्यापूर्वीची वेळ’ त्यांच्या हिशेबी आयुष्यात एकदाच येत नाही. ती रोज सकाळी येते. गडकऱ्यांचे शीर्षक आम्ही या अर्थाने वाचतो. सुधाकराने ते निराशेने उच्चारले, म्हणून आपणही तसेच उच्चारले पाहिजे असे नाही. आपल्या कचेरीतील एखादा सुधाकर अजून नावापुरता कामावर येत असेल, तर सिंधूसाठी ढाळलेल्या अश्रूंपेक्षा त्याला इस्पितळापर्यंत सोबत करणे, हीच या नाटकाला अधिक योग्य दाद ठरेल.