'ब्लू' : बधिरतेचे स्वातंत्र्य?
क्रिस्टॉफ किश्लोव्स्की यांच्या 'थ्री कलर्स : ब्लू' (१९९३) मधील ज्युली अपघातात पती व मुलगी गमावते, परंतु रडत नाही. घरातील वृद्ध सेविका रडते, तीही ज्युली रडत नाही म्हणून. चित्रत्रयीच्या योजनेत निळा रंग स्वातंत्र्याचा; त्यामुळे या अलिप्ततेस मुक्ती मानण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. मुक्त व्यक्ती दगडी भिंतीवर बोटे खरवडून घेत नाही. वेदना अद्याप जाणवते काय, याचीच ती चाचपणी होय. संभाषणाच्या मध्येच पडदा काळा होतो, प्राइस्नर यांचे संगीत उसळते आणि पुन्हा तोच क्षण सुरू होतो : काळ सरलेलाच नसतो. बिनोश यांचा संयत अभिनय येथे विलक्षण आहे. अखेरच्या समूहगानाची भव्यता मात्र या संयमाशी विसंगत वाटते.