पंचवटी सुटतेच! मग कार्बन वाचवला कुणी?

'माहिती तंत्रज्ञान आणि ऊर्जाबचत' या विषयावर सिनॉप्सिस लिहायला बसलात की पहिल्याच दिवशी एक आकडा समोर येतो: 20 टक्के. 'स्मार्टर 2030' नावाच्या अहवालातला. ग्लोबल ई-सस्टेनेबिलिटी इनिशिएटिव्ह या संस्थेने तो 2015 मध्ये काढला. म्हणणं असं की, हे तंत्रज्ञान नीट वापरलं तर 2030 साली जगाचं कार्बन उत्सर्जन सुमारे 12 अब्ज टनांनी कमी करता येईल आणि या क्षेत्राचं स्वतःचं उत्सर्जन 2 टक्क्यांच्या आतच राहील. थोडक्यात, एक खर्च करा, दहा वाचवा.

मीही तो आकडा प्रस्तावनेत डकवला होता. तुम्ही डकवण्याआधी माझी फजिती ऐका.

या अहवालाच्या बचतीत घरून काम करणं हाही एक भाग आहे. मी राहतो पंचवटीत, निमाणीच्या बाजूला. आमच्याकडे पंचवटी एक्सप्रेसचे पासवाले काही कमी नाहीत. पहाटे उठायचं, स्कूटरने नाशिकरोड गाठायचं, सातच्या सुमारास गाडी, रात्री उशिरा घरी. म्हटलं, आयती केस मिळाली! एक्सेल शीट उघडली. रेल्वेने जाऊन-येऊन पावणेचारशे किलोमीटर, गुणिले दर प्रवासी-किलोमीटरमागचं सरासरी उत्सर्जन, गुणिले घरून कामाचे दिवस. उत्तर झकास आलं. गाइडना दाखवलं. त्यांनी शीटकडे पाहिलंही नाही. एवढंच विचारलं, "तो माणूस घरी बसला त्या दिवशी पंचवटी सुटली की नाही?"

सुटली. तेवढेच डबे घेऊन, जवळजवळ तेवढीच वीज खाऊन. फार तर एका उभ्या माणसाला बसायला जागा मिळाली.

आता खरा हिशेब बघा. वाचलं काय, तर घर ते नाशिकरोड स्कूटरची फेरी. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर, अर्धा लिटरच्या आत पेट्रोल, म्हणजे साधारण 1 किलो कार्बन डायऑक्साइड. सिटीलिंकने जात असेल तर तेही नाही, कारण बसही सुटतेच. वाढलं काय? 75 वॉटचा पंखा नऊ तास चालला तर पाऊण युनिटच्या आत. आपल्या ग्रिडमध्ये युनिटमागे सुमारे 0.7 किलो उत्सर्जन धरतात, म्हणजे अर्धा किलो. (घरात आजी-आजोबा असतील आणि पंखा तसाही फिरत असेल, तर तोही हिशेबात धरायचा नाही. नियम दोन्हीकडे सारखाच हवा.) पण एप्रिल-मेमध्ये एसी लावला आणि सहा-सात युनिटं गेली, की साडेचार-पाच किलो. मुंबईच्या ऑफिसातला एसी एका रिकाम्या खुर्चीसाठी कुणी बंद करत नाही. म्हणजे उन्हाळ्यात आमच्या पासवाल्याने घरी बसून उत्सर्जन वाढवलं!

हेच कुणी एकटा गाडी काढून मुंबईला जात असेल तर चित्र पार उलटं. सुमारे 340 किलोमीटर, लिटरला 15 चं ॲव्हरेज, 22-23 लिटर पेट्रोल, पन्नास किलोंच्या वर. इथे घरी बसणं ही खरीच बचत आहे. एसी खुशाल लावा.

हे काही मला पहिल्यांदा सुचलेलं नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2020 मध्ये जवळपास हेच मांडलं: मोटारीने साधारण 6 किलोमीटरपेक्षा लांब जाणाऱ्याने घरून काम केलं तर उत्सर्जन घटतं, सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्याच्या बाबतीत ते वाढूही शकतं. त्याच वर्षी हूक आणि सहकाऱ्यांनी 39 अभ्यास तपासले. 26 अभ्यासांत ऊर्जा वाचल्याचं दिसलं, पण अभ्यासाची पद्धत जितकी काटेकोर तितकी बचत लहान. हा पेपर तेवढा मुळातूनच वाचा, सारांशावर भागवू नका.

गाइडच्या प्रश्नाला एक उत्तर आहे, ते दडवणं बरं नाही. एक माणूस घरी बसला तर काही होत नाही. पण शेकडो माणसं कायमची घरी बसली तर एखादा डबा कमी होईल, ऑफिसचा एखादा मजला बंद होईल. बरोबर. मग तुम्हाला तो डबा कमी झालेला दाखवावा लागेल. सरासरीने गुणून तो आपोआप कमी होत नाही.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. याच संस्थेने 2008 मध्ये 'स्मार्ट 2020' काढला होता. त्यात 2020 साठी 15 टक्के होते. 2020 आलं. त्या वर्षी जगाचं उत्सर्जन पाचेक टक्के उतरलं, ते लॉकडाउनमुळे. मग 15 टक्के खोटे ठरले का? ठरवताच येत नाही! कारण ती घट आदल्या वर्षाच्या तुलनेत नाही, 'काहीच केलं नसतं तर' अशा एका कल्पनेतल्या 2020 च्या तुलनेत आहे. तो 2020 कुणी पाहिलाच नाही. शिवाय ही संस्था याच क्षेत्रातल्या कंपन्यांची. ज्याचा माल त्याचाच तराजू. तेवढ्याने अहवाल खोटा ठरत नाही, पण 'करता येईल' हे क्रियापद उद्धृत करताना 'होईल' करून टाकू नका. मी केलं होतं.

माझ्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न आता बदललाय. 'किती दिवस घरून काम करता?' याच्या जागी 'मुंबईला जाता तेव्हा कशाने जाता?' आलाय. चाचणी म्हणून सोसायटीतल्या एका काकांना विचारलं. म्हणाले, "पूर्वी पंचवटीनेच. पास होता ना. आता आठवड्यातून दोनदाच जायचं, त्यासाठी पास कशाला? आम्ही तिघं मिळून गाडीच काढतो."

तिघांत वाटलं तरी माणशी सतरा किलो. हा रकाना माझ्या शीटमध्ये नव्हताच.