दोन कॅरोलिनांची शीव

उत्तर व दक्षिण कॅरोलिना या अमेरिकेंतील शेजारच्या राज्यांनीं आपल्या ३३४ मैलांच्या सीमेची फेरमोजणी करविली, आणि २०१६ सालीं केलेल्या कायद्यांनीं ती १ जानेवारी २०१७ पासून अमलांत आणिली. नवी शीव आंखली नाहीं, जुनीच शोधून काढली, अशी उभय राज्यांची भूमिका आहे. ती तपासून पाहण्याजोगी आहे.

मूळ रेषाच वांकडी. १७३५ सालीं समुद्रकिनाऱ्यापासून वायव्येस मोजणी निघाली. ३५ व्या अक्षांशास पोंचून पश्चिमेस वळावयाचें होतें. १७३७ त मोजणीदार सुमारें ११ मैल अलीकडेच थांबले व तेथें त्यांनीं खुंट ठोकला. १७६४ सालीं पुढील मंडळी त्याच खुंटापासून पश्चिमेस गेली. चूक उमगल्यावर १७७२ त कॅटॉबा लोकांच्या जमिनीपलीकडे रेषा उत्तरेस सरकवून दक्षिण कॅरोलिनाची भरपाई करण्यांत आली.

ही चूक आतां उकरली नाहीं, हें योग्यच झालें. सनदेंतील अक्षांश एक आणि जमिनीवर आंखून उभयतांनीं दीर्घकाळ मानलेली रेषा दुसरी, असा विरोध पडल्यास दुसरीच ग्राह्य, हें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १८९३ सालीं व्हर्जिनिया-टेनेसीच्या आणि १९२५ सालीं न्यू मेक्सिको-कोलोरॅडोच्या वादांत ठरविलें आहे. परंतु ती रेषा झाडांवरील खुणांनीं दाखविलेली, आणि झाडें तर केव्हांच नाहींशीं झालीं! मोजणीदारांनीं लगतच्या जमिनींचे जुने नकाशे व खतें धुंडाळून तिचा माग काढला. आमच्या महजरांत शिवेचे दगड व वृक्ष साक्षीस येतात, हें वाचकांस परिचित आहेच. या परिश्रमाचें मोल त्यांस सांगावयास नको.

आमचा आक्षेप निराळा आहे. या शोधानें १९ घरें एका राज्यांतून दुसऱ्यांत गेलीं. दीर्घकालीन वहिवाटीनें १७३७ ची चूक पवित्र होते, तर विसाव्या शतकांतील गृहस्थाची वहिवाट कां होऊं नये? यावर उत्तर असें कीं, राज्यांनीं मानली ती रेषा. ती कोठें आहे याविषयींची लोकांची समजूत नव्हे. तर्क म्हणून हें उत्तर आम्हांस मान्य आहे. परंतु जेथें खूणच उरली नव्हती, तेथें लोकांनीं समजुतीवांचून कशावर विसंबावें? स्थलांतरित ठरलेल्यांच्या मुलांच्या शाळा व मागील कर यांविषयीं कायद्यांत सवलती ठेवाव्या लागल्या. शीव जुनी असली तरी या घरांपुरता बदल नवाच होता, आणि कायद्यानें तसें उघड म्हणावयास हवें होतें.