अल खोरचा तंबू आणि आपली गोधडी

कतारमधील अल खोर येथील ‘अल बैत’ स्टेडियम सर्व जगाने पाहिले ते २० नोव्हेंबर २०२२ रोजी, फुटबॉल विश्वचषकाच्या पहिल्या सामन्याला. अरबी ‘बैत’ म्हणजे आपले हिब्रू ‘बायित’, घर. बेदुईन लोकांच्या केसांच्या तंबूला ‘बैत अल शअर’ म्हणतात. त्याचाच हा आकार. बाहेर काळे-पांढरे पट्टे, आत तांबडी सदू नक्षी. देखणे आहे, यात शंका नाही.

पण खरा तंबू जोडून शिवलेला असतो. बायका जमिनीवरच्या मागावर अरुंद पट्टे विणतात व काठाला काठ शिवतात. शेमोतच्या २६व्या अध्यायात निवासमंडपावर बकऱ्याच्या केसांचे ११ पडदे आहेत: ५ एकत्र, ६ एकत्र, मग दोन्ही काठांना ५०-५० बिरडी व ५० पितळी आकडे. तेथे जोडणीचाच तपशील अधिक आहे.

आपल्या आयांची गोधडीही तशीच. आठ त्रिकोणी तुकड्यांची टोके एका ठिकाणी आणायची, तर प्रत्येक शिवणीतली दोराभर चूक आठपट होऊन मधोमध दिसते. म्हणून धावदोरा घालण्याआधी तुकडे मोजून, मांडून, टाचून घ्यावे लागतात. नक्षी हे त्या मोजणीचे फळ.

स्टेडियमात नक्षी आहे, जोड दिसत नाही. आमची तक्रार एवढीच. तरी शेजाऱ्याने आपल्या आजीचा तंबू जगापुढे मांडला. आपल्या गोधड्या मात्र कपाटात पडून आहेत. त्या नातवंडांपुढे पसरा, पालथ्याही करून दाखवा. हात कोणाचा होता, ते टाक्यांवरून कळते.